मी पाय सोडले ते तळं

गावाचं नाव आठवत नाही, आणि साल दोन-चार वर्षं इकडेतिकडे होईल. आठवणीवर माझा फारसा भरवसा नाही. पण फजिती माझीच झाली, एवढं खात्रीने सांगतो.

सिंगापुरातल्या पुंगोलहून मुलगा आणि सून मला जपानमधल्या गरम झऱ्यांच्या एका गावी घेऊन गेले होते. दुसऱ्या दिवशी डोंगरातल्या तळ्यांभोवती पायी हिंडायचं होतं. माझा सगळा जीव त्यात अडकलेला. पण मधुरा, म्हणजे माझी सून, आधीच बजावून बसलेली. "बाबा, पायांची जरा जरी तक्रार असली, तर उद्या तुम्ही हॉटेलात चहा पीत बसायचं."

संध्याकाळी मी कानटोपी चढवून एकटाच हॉटेलच्या अंगणात आलो. इथे लोक गरम पाण्यात पाय सोडून बसतात, असं वाचलं होतं. समोर दगडी काठाचं छोटं तळं. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि सोडले पाय.

पाणी बर्फासारखं गार.

आता तुम्ही म्हणाल, उठायचं ना मग. पण मी उष्णतेवर पीएचडी केलेला माणूस. मला शंका आली ती स्वतःच्या पायांची. म्हातारपणी गरम-गार कळेनासं होतं म्हणतात, ते हेच तर नव्हे? मधुराला कळलं, तर संपली तळी.

तेवढ्यात सिंगापूरच्याच एक चिनी आजी शेजारी आल्या. "अंकल, हॉट ऑर नॉट?"

"व्हेरी हॉट," मी हसून म्हणालो. "फर्स्ट क्लास."

त्यांनी आपल्या मंडळींना हाक मारली. सिंगापूरकराला काय, रांग दिसली की पुरे. अख्खा ग्रुप बूट काढून रांगेत उभा.

आजींनी पाय घातले आणि झटकन वर घेतले. "अंकल, सो कोल्ड लाह!"

इतका आनंद मला पीएचडी मिळाल्यावरही झाला नव्हता. "रिअली कोल्ड? शुअर?" मी पुन्हापुन्हा विचारत होतो. आजी थोड्या लांब सरकल्या.

मागे पाहिलं तर मधुरा उभी. बरोबर हॉटेलच्या मालकीणबाई, हातात टॉवेलांची चळत, आणि सारख्या कमरेत वाकताहेत.

"बाबा, हे माशांचं तळं आहे. पाय शेकायचं कुंड त्या बांबूंच्या मागे. वाफ दिसतेय ना, तिथे."

"म्हणजे माझे पाय ठणठणीत आहेत."

"पाय आहेत," मधुरा म्हणाली. "उद्या चला. पण मला विचारल्याशिवाय कुठल्याही पाण्यात उतरायचं नाही."

काही वर्षांनी मुलगा कामासाठी तिकडे गेला आणि त्याच हॉटेलात उतरला. त्या तळ्याकाठी आता पाटी आहे, हे त्याने फोनवर पक्कं सांगितलं. अक्षर एकही नाही, नुसतं चित्र. पाय बुडवून बसलेला माणूस आणि त्यावर लाल फुली.

"असा माणूस जगातला कुणीही असेल," मी म्हणालो.

"नाही बाबा. त्याने कानटोपी घातलीय."