व्याह्यांचं पहिलं भांडवल

आमच्या व्याह्यांइतका संशयी माणूस भीमेच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, असं मी कित्येक वर्षं दौंडभर सांगत फिरलो. रेल्वेतून निवृत्त झालेल्या माणसाला स्टेशनाबाहेरच्या बाकावर दुसरा उद्योग तरी काय असतो! आता वय झालं. ते विधान लेखी मागे घेतल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

वडगाव रासाईच्या या बागायतदाराचा साऱ्या जगाशी एकच करार: आधी नमुना. गव्हाचं बियाणं कितीही नावाजलेलं असो, मूठभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे आणि मोड आले तरच पेरायचं. हे तिथले सगळेच करतात. पण आमचे व्याही बियाण्यावर थांबत नाहीत. नव्या हॉटेलात ते आधी अर्धा कप चहा मागवतात. चप्पल घेताना एकच पाय घालून रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन येतात, दुसऱ्या पायात जुनी. माझ्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती तेव्हा तर त्यांनी निरोप धाडला, "ताईला चार दिवस आमच्याकडं ऱ्हायला धाडा." मी संतापलो. मुलगी म्हणजे काय गव्हाचा दाणा? बायको तिला घेऊन गेलीच, पुढे लग्नही झालं. पण तो राग मी बाकावर बसून वर्षानुवर्षं काढत राहिलो.

मग एका मंगल कार्यालयात फॉरेक्सचा मोफत वर्ग भरला. निळ्या कोटातला एक तरुण परदेशी चलनांच्या खरेदी-विक्रीतून घरबसल्या कमाई कशी करायची ते शिकवत होता. माझ्या खिशात चेकबुक होतं आणि डोक्यात निवृत्तीची सगळी पुंजी. जग कुठे चाललंय ते दाखवायला मी व्याह्यांना मुद्दाम सोबत नेलं होतं. ते मध्येच उभे राहिले.

"सर, नव्या माणसाला सुरुवातीला भांडवल किती लागतं?"

"मामा, आधी माइंडसेट लागतो."

"त्यो हाय. आता पैसं सांगा."

"पाच लाखांच्या खाली मजा नाही."

"मी हजार टाकतो. आन् परवाच्या वर्गाला येतो तवा काढून घेतो."

हॉल खो-खो हसला. मी चपलांकडे बघत राहिलो.

"एवढ्यात काढायचे नसतात, मामा. वाढू द्या की."

"वाढंल तवा वाढंल. आधी परत येतंय का बघू."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पाव्हणं, माझी अब्रू घालवलीत." त्यांनी शांतपणे माझ्या खिशातलं चेकबुक काढून आपल्या बंडीत ठेवलं. "उगवलं तर माझ्या हातानं देतो."

परवाच्या वर्गापर्यंत निळ्या कोटाच्या ॲपवर हजाराचे अठराशे झाले, तेही हिरव्यागार आकड्यांत. मी वाटभर टोमणे मारले. व्याह्यांनी भरल्या हॉलमध्ये मोबाइल कोटवाल्याच्या हातात दिला. "घ्या, काढून द्या." त्याने बोट लावलं, आणि पैसे काढण्याआधी दोन हजार शुल्क भरा, असं पडद्यावर उमटलं. व्याह्यांनी ते मोठ्याने वाचलं. मागच्या रांगेसाठी पुन्हा वाचलं.

"म्हंजी माझंच पैसं घ्यायला मीच पैसं देऊ व्हय?"

"प्रोसेस आहे, मामा."

"प्रोसेस न्हाई. बी कुजकं हाय."

आता हॉल हसला तो व्याह्यांच्या बाजूने. चेक लिहायला बसलेल्यांनी पेनांना टोपणं लावली. निळा कोट प्रोजेक्टर तिथेच टाकून मागच्या दाराने पसार झाला. व्याह्यांनी वर्गाचा फुकट चहा अर्धा कप चाखला आणि जाहीर केलं, "चहा खरा हाय. आता कप भरून द्या!"

बाकावर कोणी भांडवलाचं विचारलं, तर मी आता त्यांचंच उत्तर देतो. आधी नमुना, म्हणजे लुटुपुटूच्या पैशांवर सराव, तोही सरकारमान्य ठिकाणीच. मग फक्त एवढेच लावायचे, की गेले तर घरात कोणाला सांगावंही लागू नये.

वर्ग उधळला त्या संध्याकाळी त्यांनी चेकबुक परत दिलं. मी म्हणालो, "सगळं मान्य, पाव्हणं. पण तेव्हा माझ्या मुलीची परीक्षा घ्यायला नको होतीत."

"ताईची? अवं, नमुना आमच्या घराचा व्हता. न्हाई पटलं तर पोरीला मागं फिरता यावं, म्हणून."

ज्यांना मी ती जुनी गोष्ट रंगवून सांगितली, त्यांतले निम्मेअधिक आता बाकावर येत नाहीत. त्यांना हे कळायचं राहूनच गेलं.