सही नसलेला आदेश

आहुप्याच्या रस्त्यावरची ती जीप आणि तिचा चालक निवृत्तीनंतरही माझ्या डोक्यातून जात नाहीत. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी आंबेगाव तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

खबर आली की परमिट निलंबित झालेली एक जीप डोंगरातल्या गावांतून प्रवासी आणते. नाकाबंदी लावली, दुसऱ्याच दिवशी जीप मिळाली. नंबर निलंबनाच्या यादीत होता. पंचनामा करून जीप आवारात लावली.

चालक तिशीचा, तिथल्याच वाडीतला. चौकशीत मी आवाज चढवला, तरी त्याचे उत्तर बदलेना. खोटे बोलणारा दरवेळी थोडी भर घालतो. हा घालत नव्हता.

“साहेब, नोटीस आलीच न्हाई. हायवेचे तीन गुन्हे लावल्यात माझ्यावर. त्यातल्या एका तारखेला तर मी पेशंट घेऊन घोडेगावला व्हतो.”

मी रुग्णालयाची नोंदवही मागवली. त्या तारखेला ‘रुग्णास आणणारा’ या रकान्यात त्याचेच नाव होते. मग मूळ चलने पाहिली. तिन्हींवर गाडीचा नंबर शेवटी ३४ होता. संगणकात एकदम भरताना तिन्हींचा ४३, म्हणजे याच्या जीपचा, झाला होता. तीन गुन्हे भरले की निलंबनाचा आदेश संगणक आपोआप काढत असे.

मी वर अहवाल पाठवला आणि त्याला अपील करायला जिल्ह्याच्या परिवहन कार्यालयात धाडले. तिथला कारकून म्हणाला, “अपील कोणत्या अधिकाऱ्याविरुद्ध? आदेशावर सहीच नाही.” जीप सोडवण्यासाठी त्याने केलेला अर्ज कोर्टाने परत केला, आधी अपील करा म्हणाले. माझ्या अहवालाला लेखी उत्तर आले: संगणकात निलंबन कायम आहे, वाहन सोडू नये.

मी सोडले नाही.

पुढच्याच आठवड्यात भातलावणी करताना त्याच्या बायकोला साप चावला. झोळी करून तिला खाली आणेपर्यंत ती गेली. आकस्मिक मृत्यूचा पंचनामा करायला मीच गेलो. तो रडत नव्हता. एवढेच म्हणाला, “गाडी दारात असती तर तासाभरात दवाखान्यात पोचलो असतो, साहेब.”

निलंबन कोणी रद्द केले नाही. मुदत संपली म्हणून ते संपले. जीप न्यायला तो स्वतः आला नाही, भावाला पाठवले.

या प्रकरणात चूक पुराव्यासकट सापडली, पण ती आपली म्हणणारा माणूस सापडला नाही. बराच काळ मी हेच सांगून स्वतःची समजूत घातली. खरे तर ते उत्तर आले तरी कायद्याने बंधपत्र घेऊन जीप सोडणे माझ्या अधिकारात होते. वरून विचारणा होईल म्हणून मी कचरलो. तो निर्दोष आहे हे संगणकाला कळणार नव्हते. मला माहीत होते.