मावशींनी नाकारलेली जाहिरात

ज्या अ‍ॅपवर अर्धं जग दिवसभर पडीक असतं, त्याची कंपनी तोट्यात कशी? अहो, लोक फुकट येतात, फुकट व्हिडिओ टाकतात आणि ते साठवायचा खर्च कंपनीच्या बोकांडी बसतो. कमाई काय ती जाहिरातींची. अब्रूदार जाहिरातदारांना तिथल्या शिवीगाळीचा शेजार नको असतो, आणि हौसेने येतात त्यातले निम्मे भामटे.

या जाहिराती तपासायला बाराजण होते. त्यात मावशी सगळ्यांत थोरल्या. आधी बावीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या खिडकीत औषधं दिली होती. एका जाहिरातीला आठ सेकंद, असा कंपनीचा हुकूम. पण खालची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मावशी बटणाला हात लावत नसत. नव्या पोरांनाही त्यांनीच शिकवलं, तेही खडसावून. "डोळे गहाण ठेवलेत का रे? खालचं वाच!"

एका सकाळी जाहिरात आली, ‘ही पूड घ्या, इन्सुलिन कायमचं बंद करा.’ मावशींनी ती तिथल्या तिथे नाकारली.

साहेब धावत आले. "मावशी, एवढी एक सोडा हो! वर्षाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक आहे. पहिल्यांदा नफा दिसेल."

"इन्सुलिन सोडलेली माणसं कुठे पोचतात, ते मी पाहिलंय. नाही सोडणार."

"मग तुमची नोकरी मला वाचवता यायची नाही."

"नका वाचवू."

बोलून गेल्या खऱ्या, पण घराची काळजी होतीच. लेकाची नोकरी नुकतीच सुटलेली, घर यांच्याच पगारावर.

मंजुरीचं बटण साहेबांच्या हातात नसतं, पण तपासणाऱ्यांपैकी एकाने जरी होकार दिला, तरी जाहिरात चालते. साहेबांनी ती गुपचूप पुढच्या टेबलावर सरकवली, मग त्याच्या पुढच्या. मावशींना ते दिसत होतं. पोरं बिचारी पोटार्थी. कुणी डोळेझाक केली, तर दोष तरी कसा द्यायचा? दुपारचा डबा न उघडताच त्या पुढच्या जाहिराती तपासत राहिल्या.

संध्याकाळी साहेब टेबलाशी येऊन उभे राहिले. "अकराजणांकडे फिरवली, मावशी. अकराही जणांनी नाकारली. आता बाराजणांना घरी पाठवलं, तर तपासणार कोण?"

मावशींचे डोळे भरून आले. आपली पोरं म्हणून इतका अभिमान त्यांना कधी वाटला नव्हता.

वर्षअखेर कंपनी पुन्हा तोट्यात गेली. लेकाने ती बातमी वाचून विचारलं, "आई, एवढं मोठं अ‍ॅप, मग तुमच्या कंपनीला नफा का होत नाही गं?"

"आम्ही बाराजण होऊ देत नाही म्हणून," मावशी ताठ मानेने म्हणाल्या.