चार बोटांचा सोनपाठी

आकाराम मानेला मोडकी वस्तू डोळ्यांसमोर खपत नसे. रहिमतपूरच्या घरी कान तुटलेला कप दिसला, की तो बायकोच्या, शालूबाईच्या हातातून काढून घ्यायचा आणि उकिरड्यावर भिरकावून द्यायचा. ती करवादायची, "कपाला कान न्हाई, तर तुमचा जीव का जातोय?" पासष्टच्या लढाईत तो पलटणीच्या दवाखान्यात जखमा शिवायच्या कामावर होता. पाय गेलेली पोरं त्याचा हात धरून विचारायची, "दादा, बसवशील न्हवं परत?" टाके त्याचे सुरेख पडायचे. पाय मात्र एकाचाही बसला नाही.

पलटणीतून सुटल्यावर सांगलीच्या एका कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागात तो शिपाई म्हणून लागला, तोही हंगामी. मेलेले पक्षी सोलायचे, कापूस भरून शिवायचे आणि ओळीनं ड्रॉवरमध्ये निजवायचे, हे त्याचं काम. विभागाचे प्रमुख बाहुबली मगदूम सर विद्वान गृहस्थ, घरच्या जैन आचारात मुरलेले. अंथरुणावरच्या आईला त्यांनी शब्द दिला होता, की मेलेल्या जिवाला पुन्हा हात लावणार नाही. प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकानं असा शब्द द्यायचा म्हणजे हलवायानं साखर वर्ज्य करण्यातलाच प्रकार. पण सरांनी तो पाळला. आकाराम पक्षी हातात धरून फिरवायचा आणि सर चार हात लांब उभे राहून टिपणं काढायचे.

सरांना ध्यास एकाच पक्ष्याचा, सोनपाठी सुताराचा. सोनेरी पाठीचे, लाल तुऱ्याचे हे सुतारपक्षी डोंगरातल्या रानात दोन तऱ्हेचे. लांबून बघाल तर सख्खे भाऊ, पण शास्त्रानं त्यांच्या दोन वेगळ्या प्रजाती मानलेल्या. एकाच्या गालावरून खाली काळी रेघ एकच जाते, दुसऱ्याच्या रेघेला फाटा फुटतो. फाटेवाल्याच्या पायाला बोटं चार, एकरेघ्याच्या पायाला तीनच. सरांचं म्हणणं, ही वाटणीच चुकीची, दोघं एकाच घरचे. पुरावा मात्र सापडत नव्हता.

सत्तर साली सर महिनाभर रजेवर असताना कोयनेकडच्या ज्योतिबा लाकूडतोड्यानं एक सोनपाठी आणून दिला. ज्योतिबानं होले-पारवे पकडायला फांदीला वडाचा चीक लावला होता, त्यात हा अडकून मेला होता. आकारामनं पाय बघितले, तर दोन्ही पायांना तीन तीनच बोटं. त्याच्या हातून तोवर गेलेले सगळे सोनपाठी चार बोटांचे होते.

"वढून काढताना बोटं तुटली व्हय रं?" त्यानं विचारलं.

"तुटली असतील गड्या. मी काय मोजत बसलोय?" ज्योतिबा म्हणाला.

चिकानं पाय असे बरबटले होते, की जखम आहे का नाही ते कळेना. आणि आकारामला खरं तर बघायचंही नव्हतं. लंगडा जीव ड्रॉवरमध्ये ठेवायचा, हेच त्याला सोसेना. कसर लागलेल्या एका जुन्या सोनपाठ्याची दोन बोटं त्यानं काढली आणि दोन दिवस खपून या पक्ष्याला बसवली. दोरा दिसेना, जोड कळेना. "आता झालास धडधाकट," असं तो त्या मेल्या पक्ष्याला म्हणाला, आणि त्याला इतकं बरं वाटलं, की डोळे पुसावे लागले.

रजेवरून आल्यावर सरांनी पक्षी पाहिला आणि त्यांच्या हातातली वहीच गळून पडली. गालावर रेघ एक, पायाला बोटं चार! त्यांनी त्यावर पाच वर्षं काम केलं. दरम्यान आकारामला ते सांगत, "लेख छापून येऊ दे, तुझी कायम नोकरीची ऑर्डर मी काढून आणतो." आकाराम त्या ऑर्डरवर डोळे लावून बसला होता. सरांच्या इंग्रजी टिपणांतलं त्याला काय कळणार? डागडुजी तर रोजचीच, ती कोण सांगत बसतो?

शहात्तर साली लेख छापून आला. सरांनी तो हौसेनं आकारामला मराठीतून समजावून सांगितला, तेव्हा कुठं आकारामला कळलं, की सगळा लेख त्या बोटांवरच उभा आहे.

"आवं सर, ती बोटं मी बसवल्यात. मला वाटलं तुटलीत."

सरांनी उठून दार लावून घेतलं. मग म्हणाले, "हे तू मला सांगितलं नाहीस. तुझी ऑर्डर अजून निघायची आहे."

आकाराम गप्प बसला. नोकरीसाठी गप्प बसला, हे तो पुढं स्वतःच कबूल करायचा.

वर्षभरानं मुंबईहून देशमुखबाई नावाच्या पक्षितज्ज्ञ लेख वाचून आल्या. ऑर्डर टाइप होऊन प्राचार्यांच्या टेबलावर पडली होती, सही तेवढी राहिली होती. बाईंनी भिंगातून पाय पाहिले आणि कोमट पाणी मागितलं. स्टोव्ह बिघडलाय, असं आकारामला सांगता आलं असतं. पण त्यानं स्वतःच पाणी तापवून आणलं. पाय भिजले, जुने टाके सैल झाले आणि थोड्या वेळानं दोन बोटं सुटून वाटीच्या तळाशी बसली.

"शिवणारा हात मात्र मानला पाहिजे," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात मगदूम सरांनी झडप घालून पक्षी उचलला. उघड्या हातानं. पाय उलटा करून ते बाईंना टाका दाखवू लागले. "बघा, या हंगामी माणसाची लबाडी! मला याची गंधवार्ता नव्हती."

"सर, गेल्या साली मी तुमास्नी..." आकारामनं तोंड उघडलं आणि तिथंच थांबला. सरांची बोटं त्या मेल्या पंखांत रुतली होती, आणि त्याला त्या बोटांवरून नजर काढता येईना. आईला दिलेला शब्द ज्यानं आपला गळा सोडवायला मोडला, त्याच्यापुढं आता काय बोलायचं?

आकारामला दुसऱ्याच दिवशी काढून टाकलं. सरांनी चूक जाहीर करणारं पत्र छापलं आणि त्यांच्या प्रामाणिकपणाची चारचौघांत वाहवा झाली. सोनपाठी आपल्या खऱ्या प्रजातीच्या ड्रॉवरमध्ये तीन बोटांनिशी गेला.

आठवड्यानं आकाराम दाखला घ्यायला कॉलेजात आला. ऑफिसात हेडक्लार्क नानासो बसले होते. सर कुठं आहेत, असं त्यानं विचारलं.

"घरी आहेत. तीन दिवस कडक उपास धरलाय," नानासो म्हणाले. "मेलेल्या जिवाला हात लागला ना, त्याचं प्रायश्चित्त."

"व्हय? आन जित्याचं?" आकारामनं विचारलं.

नानासोंनी दाखल्यावर शिक्का मारला आणि कागद पुढं सरकवला.