परक्या ओसरीचा रंग

टोलेडोत शाळेची बस चालवणाऱ्या व्हर्ना प्रुइटला सरकारी विम्यावर घरकर्ज मिळत होतं. कर्ज बुडालं तर भरपाई बँकेला, विम्याचे हप्ते मात्र व्हर्नाला. त्यात विम्याचा तपासनीस ओसरीच्या रंगाचे पोपडे बघून अडून बसला. जुना रंग शिशाचा, तो काढून नवा लावल्याशिवाय कर्ज नाही.

"तुझ्या विम्याचे नखरे तूच पुरव," घर विकणारा गस म्हणाला.

व्हर्नानं चरफडत सगळी ओसरी खरवडली, रंगवली. पण तपासनीस पुन्हा फिरकेपर्यंत घरखरेदीच्या कराराची मुदत संपली.

"रंग झकास लावलास हं," गस म्हणाला. "बघताक्षणी रोखीचं गिऱ्हाईक मिळालं."

व्हर्नानं ओसरीला टेकवलेली शिडी उचलली. त्या घरात तेवढीच तिची होती.