मी सहायक आहे

कुलथे साहेबाच्या टेबलावर एक स्टीलची पट्टी असायची. समोरच्याच्या तोंडून ‘आरोपी’ हा शब्द निघाला की तो ती पट्टी टेबलावर आपटायचा आणि म्हणायचा, “शब्द मागं घ्या.” माणूस गांगरून इकडंतिकडं बघायचा. शब्द मागं कसा घेतात ते कुणाला ठाऊक? मग साहेबच शिकवायचा, “म्हणा, विधिसंघर्षग्रस्त बालक.” शिरूरला मुलांचं कोर्ट बसायचं, तिथं हा माणूस सहायक प्रशासक होता. असला हलका माणूस मी जन्मात दुसरा पाहिला नाही. माझी बायको अनुसया म्हणायची, माणूस वाईट नाही. त्यावरून आमचं जे भांडण लागलं ते ती जाईपर्यंत मिटलं नाही, आणि आता ते माझ्या एकट्याच्या गळ्यात पडलं आहे.

आमच्या पोरीचा पोरगा लहानपणापासून आमच्याकडंच, केंदूरला. आयटीआयला जायचा. एका दुपारी शिक्रापुरात दोन थोराड पोरांच्या नादानं त्यानं कुणाचा तरी उभा टेम्पो चालू केला आणि हायवेच्या कडेला एका हाटेलाच्या बोर्डात नेऊन घातला. कुणाला खरचटलं नाही, पण पोलीस आले. थोरली दोघं मोठ्या कोर्टात गेली. आमच्याला अठरा भरायचे होते, म्हणून आम्ही कुलथेच्या टेबलासमोर.

मी सरळ सांगायला गेलो, “साहेब, माझ्या नातवाची चोरीची केस हाय. त्यो आरोपी...”

फाटकन् पट्टी. “आबा, शब्द मागं घ्या.”

“घेतला.”

“म्हणा, विधिसंघर्षग्रस्त बालक.”

मी चौथी नापास. म्हटलं, “विधी... संगर... ग्रहस्थ.”

“गृहस्थ नाही. ग्रस्त. पुन्हा.”

पाठीमागं बाकावर बसलेली माणसं फिदीफिदी हसत होती. माझं पोर अडकलेलं, आणि हा मला म्हातारपणी बाराखडी शिकवतो. तेवढ्यात अनुसयेनं मागून तो शब्द खणखणीत म्हणून दाखवला. शाळेचं तोंड न बघितलेली बाई! एकदा ऐकला आणि आला तिला. कुलथे खूश. “बघा, आजींना आलं. आजी, या, खुर्चीत बसा.” त्या दिवसापासून तिला खुर्ची आणि मला बाक. तिला तो शब्द इतका आवडला की झेंडू तोडताना पुटपुटायची. एकदा वासरानं मेथीत तोंड घातलं तर मला हाक मारून म्हणाली, “अवो, आपलं विधिसंघर्षग्रस्त बालक आवरा.”

कुलथेचं दुसरं वाक्य, “मी सहायक आहे.” काहीही विचारा. पोराला कधी सोडतील? “मी सहायक आहे.” न्यायाधीश मॅडम कधी येतील? “मी सहायक आहे.” पंखा बंद पडलाय, पोरं घामानं भिजलीत, कुणाला तरी सांगा. “सांगितलं असतं, पण मी सहायक आहे.” सहायक म्हणजे साह्य करणारा, हे मला अनुसयेनं सांगितलं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. अनुसया दर तारखेला त्याच्यासाठी मळ्यातली कोथिंबीर न्यायची. ती घेताना मात्र तो सहायक नसायचा. जुडी नाकाला लावून पिशवीत टाकायचा.

राहायला दौंडला. त्यामुळं दुपार कलली की त्याचा जीव दौंडच्या गाडीत अडकलेला. समोर एखादी आई रडत असली तरी याचा एक डोळा घड्याळावर. मॅडमची पर्स त्यानं गाडीपासून खुर्चीपर्यंत वाहिलेली मी बघितली आहे. नियमाची मात्र भारी हौस. पोरांसमोर पोलिसानं वर्दीत यायचं नाही, असा तिथला नियम. म्हणून हवालदार दाराबाहेर खाकी शर्ट काढून चौकडीचा चढवायचा. खाली खाकी प्यांट, पायात तेच बूट. पोरं खुदुखुदु हसायची आणि कुलथे मान डोलवायचा, की झालं, कायदा पाळला.

आणखी एक नियम होता. तिथं पोराच्या नावाचा पुकारा होत नाही. नाव बाहेर कुणाला सांगायचं नाही. शिपाई नंबर सांगायचा आणि ज्याचा नंबर तो आत जायचा. आम्हाला तेवढाच आधार होता. कारण आयटीआय झाल्यावर नातवाला शिक्रापूरच्या एका कंपनीत घेणार होते. कोर्टाचं नाव तिथं गेलं की पोरगा बाहेर.

आमच्याच गावचा एक कॉन्ट्रॅक्टर कंपन्यांना पोरं पुरवायचा. त्याच जागेवर त्याला आपला भाचा चिकटवायचा होता. गावात कुजबुज होतीच, पण कंपनीला सांगायला त्याला सरकारी माणसाचा शब्द पाहिजे होता. एका तारखेला तो पांढरी प्यांट घालून थेट कुलथेच्या टेबलाशी आला. आम्ही दोघं समोरच बसलेलो. निलाजरा मला म्हणतो कसा, “काय आबा, तुमीबी हितंच? बरं झालं.” मग साहेबाकडं वळून नातवाचं नाव घेतलं आणि म्हणाला, “ह्ये टेम्पोवालं पोरगं आरोपी हाय ना तुमच्याकडं?”

फाटकन् पट्टी. “शब्द मागं घ्या.”

“अवो साहेब, फकस्त व्हय का न्हाई तेवढं बोला. लई काम न्हाई तुमाला.”

“इथं आरोपी नसतात. इथं बालकं असतात. आणि इथल्या बालकाला बाहेरच्यासाठी नाव नसतं.”

“बरं, नसू द्या. ह्यी म्हातारा-म्हातारी कुनासाठी आल्यात त्ये तर सांगताल?”

कुलथेनं आमच्याकडं बघितलं. अगदी अनोळखी माणसाकडं बघावं तसं. म्हणाला, “हे कोण आहेत, मी ओळखत नाही.” आणि त्याच्या खुर्चीला अडकवलेल्या पिशवीतून आमचीच कोथिंबीर डोकावत होती! माझं डोकंच फिरलं. उठणार होतो, पण अनुसयेनं धोतराचा सोगा धरला.

कॉन्ट्रॅक्टरनं हसत हसत एका पुढाऱ्याला फोन लावला आणि मोबाइल कुलथेच्या हातात दिला. कुलथे ताडकन् उभा राहिला. बसून पुढाऱ्याशी बोलायची त्याची छाती नव्हती. “हो साहेब. नाही साहेब. साहेब, मी सहायक आहे. मला नावं माहीतच नसतात, साहेब. नाही साहेब, ओळखतच नाही.” कपाळाचा घाम टेबलावर गळत होता. पलीकडून शिव्या चालल्या होत्या, त्या बाकापर्यंत ऐकू येत होत्या. एवढ्या शिव्या खाऊन दुसरा माणूस एकतर उलटला असता, नाहीतर नाव सांगून मोकळा झाला असता. हा दोन्ही नाही. “मी सहायक आहे, साहेब,” हेच पालुपद. शेवटी पुढारीच कंटाळला. कॉन्ट्रॅक्टर मोबाइल हिसकावून निघून गेला.

परतताना यष्टीत आमचं सुरू झालं.

“बघितलंस? आपली जुडी पिशवीत, आन् म्हनतो वळखत न्हाई.”

“अवो, वळख दाखवली असती तर पोराचं नाव गेलं असतं.”

“त्यानं काय पोराचा इचार केला? भ्याला त्यो. लटलट कापत हुता.”

“भ्याला. पन बोलला न्हाई. तुमी न भेता किती येळा नको त्ये बोललाय, सांगू का?”

पुढच्या सीटवरची बाई हसली. मी केंदूर येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

तारखा पडत गेल्या. एकदा मॅडम नाहीत, एकदा दुसरे मेंबर नाहीत. पाऊस सरता सरता अनुसयेचा दम वाढला. चार पावलं टाकली की बसायची. तिचं एकच, पोरगा सुटला हे आपल्या कानांनी ऐकायचं. मी एकटाच शिरूरला गेलो. म्हटलं, “साहेब, तारीख अलीकडं घ्या. म्हातारी ऱ्हात न्हाई.”

पट्टीवर बोट फिरवत तो म्हणाला, “आबा, तारीख बदलायचा अधिकार मला नाही. मी सहायक आहे.” आणि घड्याळाकडं बघितलं. त्याची गाडी चुकत होती.

अधिकार नव्हता, कबूल. पण उठून मॅडमच्या दारापर्यंत जायला अधिकार लागत नाही, पाय लागतात. पुढाऱ्याचा फोन आला तेव्हा बरा टुणकन् उठला होता.

अनुसया तारखेच्या आधीच गेली.

त्या तारखेला मॅडम आल्या. नातवाला समोर बसवून त्यांनी नीट समज दिली आणि सोडून दिलं. मी बाहेर आलो. कुलथेनं भिंतीकडची खुर्ची ओढून नेहमीच्या जागी ठेवली होती. मला म्हणाला, “आबा, सुटलं तुमचं बालक. आज तरी पूर्ण शब्द म्हणा.”

मी त्या रिकाम्या खुर्चीकडं बघितलं.

“आजी सांगतील. कुठं आहेत आजी?”

“गेली.”

“कुठं?”

“गेली म्हंजी गेली, साहेब. मागं आलतो तवा त्येच तर सांगत हुतो तुमाला.”

“मी...” तो म्हणाला, आणि थांबला. पट्टी हातात होती, ती कुठं ठेवावी ते त्याला कळेना. खिडकीतून समोरच्या स्टँडवरून दौंडची गाडी निघालेली मला दिसली. त्यालाही दिसली. तो उठला नाही. पण त्याचं आता काय करायचं? त्या दिवशी अशीच गाडी सोडून मॅडमच्या दारापर्यंत गेला असता, तर माझ्या बायकोला तो निकाल ऐकायला मिळाला असता. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

नातू आता त्या कंपनीत जातो. परवा पारावर तोच कॉन्ट्रॅक्टर चारचौघांत मुद्दाम मोठ्यानं म्हणाला, “काय आबा, त्या केसचं काय झालं वो?”

“कुनाची केस?”

“घ्या! तुमच्या नातवाची की.”

म्हटलं, “मला नावं म्हाईत नसत्यात बाबा. मी सहायक हाय.”

सगळा पार खो खो हसला. कॉन्ट्रॅक्टरचं तोंड बघण्यासारखं झालं. मी उठलो आणि हे अनुसयेला सांगायचं म्हणून झपाझप निघालो. वेशीपाशी आल्यावर पाय थांबले. ती असती तर पदर तोंडाला लावून हसली असती. म्हणाली असती, “बघा, शेवटी कुनाचा गुन लागला?”

मी म्हटलं असतं, गप बस. मानूस हलकाच हुता.