भट्टीतला हात

भनपुरीच्या त्या बेकरीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. मसाला चोळलेली कोंबडी आणि कैरीच्या फोडी एकाच ट्रेमध्ये मांडून रविवारी मी त्याच्याकडे भाजायला न्यायचो. ट्रे ठेवण्याआधी तो उघडा हात भट्टीत घालून मोठ्यानं आकडे मोजायचा. पाचावर चटका बसायचा, हात बाहेर यायचा. "हव, आता ठेवू," तो म्हणायचा. त्याचा अंदाज कधी चुकला नाही.

परवा तो पाचावर थांबला नाही. नऊ, दहा... केस जळाल्याचा वास आला.

"भैया, हात काढा!" मी ओरडलो.

त्यानं शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "काहून भिऊन राहिले? भट्टी तं अजून थंडीच हाय."

मनगटाची कातडी पांढरी पडत चालली होती.

"अकरा," तो म्हणाला.